शिंदे सरकारचे तोफा-बंदुकांचे कारखाने

अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांनी उत्तर हिंदुस्थानात उभारलेले शस्त्रनिर्मितीचे कारखाने. मुख्य ठिकाण आग्रा. मथुरा, दिल्ली, ग्वाल्हेर, काल्पी व गोहद येथेही कोठारे व कामशाळा होत्या.

पूर्वपीठिका : पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे असे. माधवराव पेशव्यांच्या काळी पुण्यात तोफा ओतण्याचे आणि जुन्नरकडील आंबेगव्हाण येथे गोळे पाडण्याचे काम सुरू झाले. पण मोठ्या फौजेची गरज त्यातून भागत नव्हती.

उभारणी : १७८४ मध्ये बेनॉ द बॉयन हा सॅव्हॉयचा अधिकारी महादजींच्या चाकरीत आला. त्याच्या कवायती पलटणींना मराठी कागदांत ‘कंपू’ म्हणतात. कंपूंसाठी एकाच मापाच्या बंदुका आणि हलक्या, लवकर फिरणाऱ्या तोफा हव्या होत्या. हे काम सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे सोपवले गेले. तो आधी गोहदच्या राण्याकडे होता. त्याच्या देखरेखीखाली युरोपीय नमुन्याच्या बंदुका नगास सुमारे १० रुपयांत तयार होत, असे इंग्रजी लेखक सांगतात. लोखंड ग्वाल्हेरच्या खाणींतून येई, शोरा आणि गंधक बिकानेरकडून. दारू आग्र्यात बने. १७९० च्या पाटण व मेडता येथील विजयांत या तोफखान्याचा वाटा मोठा होता.

ओतारी, लोहार, सुतार यांनीच प्रत्यक्ष काम केले. इंग्रजी साधनांत मात्र श्रेय देखरेख करणाऱ्या युरोपीयांना मिळते आणि या कारागिरांची नावे येत नाहीत. त्यामुळे हे कारखाने ‘फ्रेंचांचे’ ठरवणे चुकीचे आहे.

खर्डा (मार्च १७९५) : येथे शिंद्यांचे कंपू पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली लढले, समोर निजामाच्या चाकरीतला रेमाँ होता. रेमाँने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना काढला.

तोफांची घडण : सर्वांत तपशीलवार माहिती १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात इंग्रजांनी केलेल्या मोजदादीतून मिळते. दिल्लीच्या लढाईत (११ सप्टेंबर) ६८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. लोखंडी तोफा युरोपात बनलेल्या होत्या. पितळी तोफा, उखळी तोफा व हॉविट्झर बहुतेक मथुरा व उज्जैन येथे ओतलेल्या होत्या. काही पितळी तोफांच्या आत लोखंडाची नळी बसवलेली होती. पितळ तडकत नाही, पण सतत माऱ्याने झिजते. लोखंड झीज सोसते, पण फुटते. दोन्हींचा मेळ घालणारी ही रचना सहज जमणारी नव्हे. नेम साधण्यासाठी तोंड वर-खाली करणारे मळसूत्र होते. कारागिरी उच्च दर्जाची असल्याचा शेरा शत्रूनेच नोंदवला आहे, म्हणून तो विशेष विश्वसनीय मानावा.

असई (जि. जालना, २३ सप्टेंबर १८०३) : इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचे दीड हजारांहून अधिक लोक येथे ठार व जखमी झाले, त्यांतील मोठा भाग तोफांच्या माऱ्याने. सुमारे १०० तोफा इंग्रजांकडे गेल्या. गोलंदाज अखेरपर्यंत तोफांना चिकटून राहिले. तंत्रात मराठे मागे होते म्हणून हरले, हे जुने मत इतिहासकार रँडॉल्फ कूपर यांच्या अभ्यासाने (२००३) खोडून काढले आहे. पराभवाचे खरे कारण नेतृत्वात व ऐन वेळी चाकरी सोडून गेलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांत शोधावे लागते. पेराँ स्वतः सप्टेंबरमध्येच इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

अखेर : ऑक्टोबरमध्ये आग्र्याचा किल्ला पडला, १ नोव्हेंबरला लासवाडीच्या लढाईत आणखी ७० च्या वर तोफा गेल्या. सुर्जी-अंजनगावच्या तहाने (३० डिसेंबर १८०३) दोआब व दिल्ली-आग्रा प्रदेश सुटला, त्याबरोबर मुख्य कारखानेही.

ग्वाल्हेर येथे तोफखाना पुढेही राहिला. १८४३ च्या महाराजपूर व पनियारच्या लढायांत घेतलेल्या तोफांच्या धातूपासून इंग्रजांनी ‘ग्वाल्हेर स्टार’ हे पदक बनवले.