पडद्यामागचा स्पीकर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग दोन माईकवर घेतलं, घरी बसून ऐकलं आणि गुण दिले. महागडा माईक जिंकला. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "फाईलची नावं झाकून ऐकलंस का रे?" तीन आठवड्यांचं काम गेलं.

मग मी या वादाचा इतिहास वाचायला घेतला. ऑडिओच्या जगात 'आकडे खरे की कान खरे' हे भांडण जुनं आहे, आणि कानवाल्यांची बाजू पोकळ नव्हती. १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर आले. कागदावर डिस्टॉर्शन कमी, तरी अनेकांना त्यांचा आवाज कर्कश वाटायचा. एक कारण असं: आकडा सहसा पूर्ण ताकदीवर मोजलेला असायचा. ध्वनीची लहर शून्यातून जाताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे सोपवली जाते आणि तिथे ती किंचित मोडते. मोठ्या आवाजात हे खपून जातं, हळू आवाजात तेच टोचतं. मीटर खोटं बोलत नव्हतं. त्याला प्रश्नच भलता विचारला होता.

मग कानांवरच विसंबायचं का? त्याच दशकात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून लोकांना ऐकवले. (ही पायरी विसरू नका, जरा मोठा आवाज उगाचच 'चांगला' वाटतो.) आवड माणसागणिक बदलेल असं वाटत होतं, पण मतं बरीचशी जुळली. पुढे असंही दिसलं की जास्त गुण मिळवणाऱ्या स्पीकरांचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे आलेख सपाट, कमी खाचखळग्यांचे असतात.

१९९४मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीत ४० श्रोत्यांना चार स्पीकर पडदा लावून आणि पडदा काढून ऐकवले. एक छोटा, स्वस्त प्लॅस्टिकचा संच पडद्याआड मोठ्यांच्या बरोबरीने टिकला. दिसल्यावर त्याचे गुण घसरले. मला याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. खोलीत स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड श्रोत्यांना तो फरक कळत होता, समोर स्पीकर दिसत असताना तो बराचसा निसटला. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत.

मी पुन्हा ऐकलं तेव्हा मैत्रिणीने फाईलींना क्रमांक दिले होते. पातळी सारखी करताना कळलं, महागड्या माईकची प्रत्येक फाईल दोन डेसिबलने मोठी होती.