बिब्ब्याची खूण ते कॉलरमधली चिप

शंभर साड्या एका गाठोड्यात बांधून धुवायला दिल्या तरी ज्याची त्याला परत करणं फार अवघड नाही. काठ वेगळे, पदर वेगळा, कुठे रफू, कुठे हळदीचा डाग. बायका आपली साडी वाळत घातलेली लांबूनसुद्धा ओळखतात. आता शंभर खाकी शर्ट टाका आणि सांगा, कुठला कोणाचा? माणसं एकसारखी दिसावीत म्हणूनच गणवेश असतो, आणि धुणाऱ्याची पंचाईत नेमकी तिथेच होते.

मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉप आणि फाउंड्रीत बरीच वर्षं काढली, इतिहास वाचायला लागलो तो नंतर, स्वतःच्या हौसेने. त्यामुळे ड्रम, वाफ, पंप यांच्या गोष्टी मला आवडतातच. पण कपडे धुण्याच्या यंत्रांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. धुतलेला कपडा नेमक्या माणसाकडे परत कसा जातो, याचा इतिहास त्या मानाने कोणी सांगत नाही. गणवेश भाड्याने देणं आणि धुऊन आणणं हा आज जगभर पसरलेला धंदा उभा आहे तो या परत करण्यावर.

आपल्या गावापासून सुरुवात करू. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे छावणी वसली, आणि १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र इथे आहे. जिथे छावणी तिथे धोबी आलाच. मराठीत परीट, कन्नडमध्ये मडिवाळ. 'मडी' म्हणजे धुतलेलं, सोवळ्याचं कापड. सीमाभागातल्या मराठी घरांतही हा शब्द सर्रास चालतो. बसवण्णांच्या काळातले शरण मडिवाळ माचिदेव हे याच व्यवसायातले. म्हणजे मळकं आणि मडी यांच्यामधल्या रेषेवर उभं राहून काम करणारा माणूस, अशी या धंद्याची ओळख आपल्याकडे आठ-नऊशे वर्षं जुनी आहे.

परटाची भट्टी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कपडे सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळायचे, उकळत्या भांड्याच्या तोंडावर रचायचे आणि रात्रभर खालून वाफ द्यायची. क्षार आणि वाफ मिळून तेलकट मळ सुटा करतात. सकाळी दगडावर आपटणं, खळबळणं, नीळ, कांजी, इस्त्री. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर यात रसायन आहे, उष्णता आहे, आघात आहे आणि वेळ आहे. आजची कुठलीही औद्योगिक लाँड्री याच चार गोष्टी कमी-जास्त करत असते.

पण या भट्टीतून कपड्यावरची कुठलीही साधी शाई टिकून बाहेर येत नाही. इथे बिब्बा येतो.

बिब्बा आपल्याला ठाऊक असतो तो गोडंबीमुळे, नाहीतर 'मध्ये बिब्बा घालू नकोस' या बोलण्यामुळे. परटाला तो ठाऊक होता शाईची कुपी म्हणून. फळाच्या टरफलात चिकट रस असतो. सुई किंवा टाचणी फळात खुपसायची आणि तिच्याच टोकाने कापडावर खूण करायची. वर चुन्याची निवळी. रस हवेत काळा पडतो आणि मग जात नाही. कारण असं की त्या रसातली फिनॉल जातीची द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांना जखडतात आणि धाग्यातच घट्ट बसतात. क्षार असला की ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणजे जो सोडा बाकीच्या शाया उडवतो तो इथे खुणेच्याच बाजूने उभा राहतो. प्रयोगशाळा न बघितलेल्या माणसांनी भट्टीला पुरून उरणारी शाई भट्टीच्याच तर्काने शोधली होती. वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडाला 'सेमेकार्पस' नाव दिलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच 'खुणेचं फळ'. झाडाच्या शास्त्रीय नावात आपल्या परटाचा धंदा बसलाय, हे किती परटांना कळलं असेल?

खूण लहान असायची. कॉलरच्या आत, नाड्याच्या पट्टीत, शिवणीजवळ. दोन रेघा, एक टिंब, एक आडवी काडी. ही लिपी सरकारी नव्हती की शाळेत शिकवलेली नव्हती. प्रत्येक परटाची आपापली, घरातल्या घरात शिकवलेली. गिऱ्हाइकाला ती वाचता येत नसे, आणि यायची गरजही नव्हती. कुठली खूण कोणाच्या घरची, हे वहीत नाही तर डोक्यात. ज्याला अक्षरओळख नाही तो शेकडो घरांचा हिशेब असा चालवत होता. पोलिसांना मात्र तिची किंमत फार लवकर कळली: बेवारस प्रेताच्या पंचनाम्यात अंगावरच्या कपड्यांवरचं शिंप्याचं लेबल आणि धोब्याची खूण नोंदवायची पद्धत आहे, कारण त्या दोन रेघांवरून माणसाचं घर सापडू शकतं.

या शाईची एक किंमत होती. बिब्बा उततो. रस लागला की कातडीला फोड येतात, आणि काहींना वाळलेली खूणसुद्धा सोसत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठायला लागले. लष्करी डॉक्टरांना आधी उलगडा होईना. चट्टे नेमके तिथेच, जिथे कॉलरवरची खूण टेकते! १९४३ साली लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तिघांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 'धोबी मार्क डर्मटायटिस' या नावाने हे प्रसिद्ध केलं. अमेरिकनांना ते भोवलं याचं एक कारण घरचंच होतं: त्यांच्याकडची पॉयझन आयव्ही नावाची खाजरी वेल बिब्ब्याच्याच कुळातली, आणि तिचा त्रास आधी झालेल्या माणसाला बिब्बा लगेच बाधतो. आपला आंबा आणि गोव्याचा काजूही त्याच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलेल्याला जास्त सांगायला नको. जाता जाता: इंग्रजीत 'धोबी इच' म्हणतात तो जांघेतला गजकर्ण, बुरशीचा. त्याचा बिब्ब्याशी संबंध नाही. धोब्याच्या नावावर मात्र दोन्ही जमा झाले.

युरोपातल्या घरांतही हाच प्रश्न होता. तिथे चादरी-रुमालांवर लाल दोऱ्याने आद्याक्षरं आणि आकडे भरत. पुढे सिल्व्हर नायट्रेटची शाई आली, मग कॉव्हेंट्रीच्या मागांवर विणलेल्या नावाच्या पट्ट्या. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या लाँड्र्या निघाल्या आणि एकेका ड्रममध्ये अनेक घरांचे कपडे एकत्र फिरू लागले, तशी खुणेची गरज वाढतच गेली.

गणवेश भाड्याने देण्याच्या धंद्यातली आजची एक मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतल्या सिनसिनाटीची सिंटास. तिची सुरुवात गणवेशातून झालीच नाही. १९२९ साली रिचर्ड 'डॉक' फार्मर आणि अमेलिया फार्मर हे जोडपं कारखान्यांत फेकलेल्या तेलकट चिंध्या गोळा करून, धुऊन परत विकायचं. चिंधीला मालक नसतो, त्यामुळे खुणेचा प्रश्नच नाही. पुढची पिढी गणवेशाकडे वळली आणि १९६० च्या दशकात नातू रिचर्ड टी. फार्मर यांनी पॉलिएस्टर-कापूस मिश्रणाचे गणवेश आणले.

बाहेरून हे किरकोळ वाटतं, पण सगळा हिशेब त्याने बदलला. सुती कपड्याला प्रत्येक वेळी इस्त्री हवी आणि इस्त्री म्हणजे माणसाचा हात. पॉलिएस्टर साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या वर मऊ पडतं. म्हणून ओले कपडे हँगरला लटकवून एका लांब पेटीतून न्यायचे, आधी वाफ, मग गरम हवेचा झोत; सुरकुत्या आपोआप उतरतात. याला टनेल फिनिशर म्हणतात. इस्त्रीची फळी गेली, आणि इस्त्रीवाल्याबरोबर त्याची नजरही गेली. कारण इस्त्री करताना खूण वाचून घडी वेगळी ठेवणारा माणूस तोच होता.

धुण्याचंही तसंच झालं. टनेल वॉशर हे माझं आवडतं यंत्र. एकामागे एक जोडलेले कप्पे. कपड्यांचा घाणा दर काही मिनिटांनी पुढच्या कप्प्यात जातो आणि पाणी उलट दिशेने येतं. सगळ्यात स्वच्छ पाणी सगळ्यात स्वच्छ कपड्याला, तेच पुढे मळक्याला. नदीवर धुणाऱ्या बाईला हे तत्त्व शिकवावं लागत नाही, खळबळायला ती वरच्या अंगालाच जाते. साध्या यंत्रात किलोमागे पंधरा-वीस लिटर पाणी लागतं तिथे यात दहाच्या आत भागतं. आपल्यासारख्या, उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या गावाला हा आकडा लगेच समजावा.

पण कपडे आता नदीच्या वेगाने वाहू लागले होते, आणि बाहेर येणारे सगळे एकसारखे. गरम दाबाने चिकटणारी आकड्यांची पट्टी आली, अतिनील दिव्याखालीच दिसणारी शाई आली, मग बारकोड. बारकोड एकेक समोर धरून वाचावा लागतो. त्यानंतर शिवणीत बसवलेली रेडिओ चिप. ही चिप शे-दोनशे धुणी, शिवाय पाणी पिळणाऱ्या प्रेसचा चाळीस बारच्या वर जाणारा दाब सोसते. बंद ट्रॉली वाचकयंत्रासमोरून ढकलली की आत कोणकोणाचे किती कपडे आहेत ते पडद्यावर येतं. काम तेच, जे टाचणीच्या टोकावर होत होतं.

फरक कुठे पडला ते नीट बघितलं पाहिजे. परटाची खूण सांगायची, 'हा अमक्याच्या घरचा'. भाड्याच्या गणवेशात कपडा कामगाराचा नसतोच, तो कंपनीचा. बऱ्याच हॉस्पिटलांत तर आपलाच डगला आपल्याला परत मिळायचीही गरज नसते. मापाचा कुठलाही चालतो, रेल्वेच्या चादरीसारखा. तिथे चिप मुख्यतः एवढंच सांगते की हा कपडा किती वेळा धुतला आणि कधी बाद करायचा. गोव्यात वेर्ण्याच्या बाजूला औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. तशा कारखान्यांच्या निर्जंतुक खोल्यांतल्या कपड्यांना ही मोजणी फार लागते, कारण दर धुण्यागणिक कापडाची कण अडवायची ताकद घटते. तिथली यंत्रं भिंतीत बसवलेली असतात: मळके कपडे एका दाराने आत, धुतलेले पलीकडच्या खोलीत बाहेर, आणि दोन्ही दारं एका वेळी उघडतच नाहीत. मळकं आणि मडी यांच्यामध्ये अक्षरशः भिंत.

मग आपल्या फाउंड्र्यांत हे का नाही आलं? सोपं उत्तर म्हणजे वॉशिंग अलाउन्स. गणवेश कंपनी देते, धुण्याचे पैसे पगारात येतात, धुतं घर. मी कामाला होतो तेव्हा माझे कपडेही असेच घरी यायचे. काळी वाळू, कटिंग ऑइल, वेगळी बादली, वेगळा ब्रश. महिन्याच्या स्लिपवर तो आकडा माझ्या नावावर असायचा, बादलीसमोर आई असायची.

या बादलीत काय असू शकतं याची नोंद १९६५ साली लंडनमध्ये झाली. न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमा या कर्करोगाचे रुग्ण तपासले. त्यांतले काही ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी गेलेच नव्हते, पण घरातलं कोणीतरी तिथे कामाला होतं. त्यांत नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. अमेरिकेने १९७८ मध्ये शिशाच्या धुळीसाठी नियम केला, त्यात कामाचे कपडे धुऊन देणं मालकावर आलं. शिवाय ते धुणाऱ्याला शिशाचा धोका लेखी कळवणंही. परदेशात गणवेश भाड्याने द्यायच्या धंद्याला बळ मिळालं त्यात असल्या नियमांचाही हात आहे. सिलिकाची वाळू घरी नेणाऱ्या आपल्या गावात या बाजूने विचार झालेला मला दिसला नाही, आणि पाणी-साबणाच्या खर्चापेक्षा हा मुद्दा मला मोठा वाटतो.

शेवटी मंडळाच्या वाचकांकडे एक काम. छावणीच्या जवळपासच्या घरांत, जुन्या ट्रंकांत, आजोबांच्या खाकीवर किंवा शेरवानीच्या अस्तरावर बिब्ब्याची खूण अजून सापडेल. कॉलरच्या आत आणि कमरपट्टीत बघा. उजेड तिरका ठेवा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा आणि कपडा कोणाचा, साधारण कुठल्या सालचा, परीट कुठल्या गल्लीतला, तेवढं लिहा. खूण वाचता येणारे कोणी म्हातारे परीट किंवा मडिवाळ ओळखीचे असतील तर आधी त्यांना गाठा, फोटो नंतर.