५ई१ : ‘सॉनिक हेजहॉग’चा माग काढणारे प्रतिपिंड

कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणात पहिल्या दोन-तीन दिवसांतच मज्जारज्जूची नळी आकार घेऊ लागते. मात्र तिच्यातील कोणती पेशी पुढे स्नायूंना हालचालीची आज्ञा देणार आणि कोणती संवेदना वाहून नेणार, हे सूक्ष्मदर्शकातून नुसते पाहून सांगता येत नाही. हा निर्णय ज्या प्रथिनांवर अवलंबून असतो, त्यांत ‘सॉनिक हेजहॉग’ अग्रगण्य आहे. ते भ्रूणात नेमके कोठे आहे हे दाखविणारे, आणि गरज पडल्यास त्याचे कार्य रोखून धरणारे, प्रतिपिंड म्हणजे ५ई१.

या प्रथिनाचे नाव विचित्र आहे. १९८० साली ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीतील एका जनुकाची नोंद केली. त्यात बिघाड झालेल्या अळीच्या अंगावर काटेरी हेजहॉग प्राण्यासारखे दाट कंगोरे दिसत, म्हणून जनुकाला तेच नाव मिळाले. या संशोधनाबद्दल दोघांना १९९५ मध्ये एडवर्ड लुईस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९९३ मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांत या जनुकाची भावंडे सापडली. इंडियन आणि डेझर्ट ही नावे खऱ्या हेजहॉगच्या जातींवरून आली; ‘सॉनिक’ मात्र व्हिडीओ गेममधील पात्रावरून. या जनुकातील दोषामुळे माणसाच्या गर्भात पुढच्या मेंदूचे दोन भाग वेगळे होत नाहीत, असे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. अशा बाळाच्या आईवडिलांना खेळातल्या पात्राचे नाव सांगण्याची वेळ डॉक्टरांवर येते, तेव्हा त्यातला विनोद उरत नाही.

५ई१ न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात थॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. प्रथिनाचा अग्रभाग उंदराला टोचल्यावर त्याच्या पेशी त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवितात. या पेशींचा कर्करोगाच्या पेशींशी संकर केला की एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड बनविणारा वंश हाती येतो. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधलेली ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे.

जेसेल यांच्या गटाने १९९६ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील चेताऊतीवर ५ई१ वापरले. वेगवेगळ्या टप्प्यांवर प्रतिपिंड घालून प्रथिनाचा संदेश तोडला, की स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी तयार होतात की नाही हे तपासण्यात आले. या पेशींना संदेशाची गरज एकदा नव्हे, तर दोन टप्प्यांवर असते असे आढळले : आधी ऊतीला मज्जारज्जूच्या खालच्या बाजूची ओळख मिळताना आणि नंतर पूर्वज पेशी शेवटचे विभाजन करण्याच्या सुमारास. केवळ रंगवून दाखविणाऱ्या प्रतिपिंडाने हे उत्तर मिळाले नसते.

त्याला हे कसे साधते, याचा उलगडा २०१० मध्ये झाला. हेजहॉग प्रथिनावर जस्ताचा अणू धरून ठेवणारी एक खोबण आहे. पेशीवरील ‘पॅच्ड’ हा ग्राहक तेथेच जोडला जातो. ५ई१ तीच जागा अडविते. साहजिकच संदेश पेशीपर्यंत पोहोचत नाही.

याच गुणात त्याची मर्यादाही आहे. ही खोबण तिन्ही भावंडांत जवळपास सारखी असल्याने ५ई१ तिघांनाही चिकटते. कूर्चेत, जेथे ‘इंडियन हेजहॉग’ असते, तेथे दिसलेला रंग ‘सॉनिक’चा समजणे ही घोडचूक ठरेल. शिवाय ते उंदराचे प्रतिपिंड असल्यामुळे उंदराच्याच ऊतीवर वापरताना दुय्यम प्रतिपिंड ऊतीतील मूळच्या प्रतिपिंडांनाही चिकटून खोटा रंग देऊ शकते. म्हणूनच ज्या भ्रूणातून ते जनुक काढून टाकले आहे, त्याची ऊती शेजारी ठेवून ताडून पाहणे अगत्याचे असते.

ही काळजी अनाठायी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ प्रथिनांसाठीची ६१४ व्यापारी प्रतिपिंडे तपासण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एखाद्या तरी चाचणीत अपयशी ठरली.

५ई१ तयार करणारा पेशीवंश अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या पेशीवंश-पेढीत ठेवलेला असून, १९८६ मध्ये सुरू झालेली ही पेढी संशोधकांना माफक दरात प्रतिपिंडे पुरविते.