पर्यावरणपूरक गणेशमूर्ती

पर्यावरणपूरक गणेशमूर्ती म्हणजे पाण्यात सहज विरणाऱ्या शाडू माती, कागदाचा लगदा यांसारख्या द्रव्यांपासून घडविलेली व नैसर्गिक रंगांनी रंगविलेली गणपतीची मूर्ती होय.

पार्श्वभूमी
१८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला व पुढे मूर्तींचा आकार वाढत गेला. भाजलेल्या जिप्समपासून बनणारे प्लास्टर ऑफ पॅरिस हलके व साच्यात लवकर घट्ट होणारे असल्याने चित्रपटांतील लोकप्रिय पात्रांच्या रूपातील मूर्ती घडविणे सोपे झाले. मात्र ते पाण्यात लवकर विरत नाही. रासायनिक रंगांत शिशासारखे जड धातूही असू शकतात.

नियमन
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये अशा मूर्तींवर बंदी घातली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास मुभा दिली. परंतु सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचा आदेश दिला.

जुन्नर व आंबेगाव
अष्टविनायकांपैकी ओझर व लेण्याद्री ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. जुन्नरमधील कुकडी व आंबेगावातील घोड या नद्यांवर शेती अवलंबून असल्याने विसर्जनाचा प्रश्न येथे थेट पाण्याशी निगडित आहे. शाडूच्या मूर्तीनेही नदीत गाळ साचतो. म्हणून न रंगविलेली मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केल्यास तीच माती पुढील वर्षी पुन्हा वापरता येते.