चाऱ्यातून आलेली गोळी

‘रक्त पातळ करायची गोळी’ असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. खरे तर वॉरफरिन नावाच्या या गोळीने रक्त पातळ होत नाही, ते साकळायला वेळ लागतो. हा गुण तिला मिळाला गुरांच्या गोठ्यातून.

१९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे विचित्र रीतीने दगावू लागली. शिंगे कापली, गोऱ्हा खच्ची केला, की रक्त थांबतच नसे. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दोष चाऱ्यात शोधला. स्वीट क्लोव्हर हे मेथीच्या नात्यातले सुवासिक चारापीक. त्याला बुरशी लागली की त्यातल्या कुमारिनचे विष बनते.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, खराब चारा आणि दुधाच्या कॅनभर न साकळलेले रक्त. विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ कार्ल पॉल लिंक त्याला एवढेच सांगू शकले, की हा चारा घालू नका. तो माणूस रिकाम्या हाती परतला, हे वाचताना आजही जीव कळवळतो. लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये ते विष वेगळे काढले. त्याचाच पुढचा भाऊ वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आला, तो उंदीर मारायला! १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणाने जीव द्यायला ते खाल्ले. ‘के’ जीवनसत्त्व देऊन त्याला वाचवले गेले. उतारा आहे, हे दिसले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून परवानगी मिळाली.

हे औषध ज्या रक्ताच्या गुठळीविरुद्ध देतात ती का होते, हे रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने तीन कारणांत सांगतात: रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा, आणि रक्तच साकळायला उतावीळ होणे. शस्त्रक्रियेनंतरचे अंथरूण, लांबचा बसून केलेला प्रवास, बाळंतपण, कर्करोग, काही संप्रेरकांच्या गोळ्या, सगळे यातच येते. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडलेल्यांत हृदयातच गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते.

यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या जोरावर साकळणारी प्रथिने घडवते आणि वॉरफरिन नेमके तेच अडवते. म्हणून पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या एकदम वाढवल्या की गोळीचा जोर ओसरतो, एकदम सोडल्या की वाढतो. त्या बंद करायच्या नाहीत, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे. रक्त साकळायला लागणारा वेळ मोजणाऱ्या आयएनआर तपासणीचा आकडा बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान राखतात. तो फार वर गेला, तर हिरड्यांतून रक्त येते, लघवी लालसर होते, अंगावर काळेनिळे डाग उमटतात.