घर कुणाचं? एका समुद्रकाठच्या घराची गोष्ट

पालीत उभं राहून फ्रान्समधल्या घराविषयी बोलतोय, याचं तुम्हांला नवल वाटेल. पण विषय आपल्याही जवळचा आहे. भोरचा पंतसचिवांचा राजवाडा तुम्ही पाहिलाय. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आज तिथं चित्रपट-मालिकांची चित्रीकरणं होतात आणि पडद्यावर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाडा म्हणून दिसतो. घर कॅमेऱ्याला मोकळं केलं की त्याची ओळख कोण ठरवतं, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी, रोकब्रून-काप-मार्तां नावाचं गाव आहे. तिथं १९२६ ते १९२९ या काळात आयलीन ग्रे या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या बाईंनी एक घर बांधलं. पांढरं, सपाट छपराचं, खडकावर खांबांनी तोललेलं. नाव ई-१०२७. ई म्हणजे आयलीन. १०, २ आणि ७ ही जे, बी, जी या अक्षरांची क्रमसंख्या. जे-बी म्हणजे जाँ बादोविची, त्यांचे साथीदार, आणि जी म्हणजे ग्रे.

यात राहणाऱ्याचा विचार किती बारीक होता पाहा. अंथरुणात बसून न्याहारी करता यावी म्हणून उंची कमी-जास्त होणारं टेबल. दारातच भिंतीवर फ्रेंचमध्ये सूचना, की सावकाश आत या. पाहुण्यानं कसं यावं हे त्या घरानं आधीच ठरवलं होतं.

बादोविची वास्तुकलेचं नियतकालिक चालवत. १९२९ साली त्यांनी या घराची छायाचित्रं त्यात छापली. तिथवर सगळं ठीक होतं. पुढं ग्रे ते घर सोडून गेल्या. मग बादोविचींचे पाहुणे म्हणून ल कोर्ब्युझिए आले. हो, चंदीगड आखणारे तेच. १९३८-३९ मध्ये त्यांनी त्या पांढऱ्या भिंतींवर मोठाली चित्रं रंगवली. ग्रेंना हा घराचा विध्वंस वाटला. युद्धानंतर त्या चित्रांची छायाचित्रं छापली गेली, पण घर बांधणाऱ्या बाईंचं नाव त्यात नव्हतं. कितीतरी वर्षं लोक ते घर बादोविचींचं, नाहीतर थेट कोर्ब्युझिएंचंच समजत राहिले. १९६५ साली त्याच घराखालच्या समुद्रात पोहताना कोर्ब्युझिए वारले.

१९६८ मध्ये जोसेफ रिकवर्ट या अभ्यासकांनी ग्रेंवर लेख लिहिला, तेव्हा त्या नव्वदीला आल्या होत्या. १९७६ साली त्या गेल्या. घर पुढं मोडकळीला आलं. डागडुजी होऊन २०२१ पासून ते नव्यानं लोकांना पाहायला मिळतं. कोर्ब्युझिएंची चित्रं आजही भिंतींवर आहेत. ती पुसावीत की ठेवावीत, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत विचाराल, तर चित्रं राहू द्यावीत, पण ती कुणाच्या घरात, कुणाच्या इच्छेविरुद्ध काढली, हे आधी सांगावं.

आता आपल्याकडे वळू. राजगडाच्या पाली दरवाजाशी रोज फोटो निघतात. दरवाजाला आपल्या गावाचं नाव तरी राहिलं. त्या पायऱ्या घडवणाऱ्या पाथरवटांची नावं मात्र कुठल्याच फोटोखाली नसतात. भोरच्या वाड्याचं चित्रीकरण जरूर व्हावं, त्याच्या देखभालीला हातभारच लागेल. फक्त शेवटच्या नामावळीत 'भोरचा राजवाडा' एवढं तरी लिहिलेलं असावं, आणि आपण ते मागून घ्यावं.