आया : आगबोटीवरील एक विसरलेली सेवा

पिंप्राळ्यास राहणाऱ्या आम्हां लोकांस आगगाडीच्या शिटीचे नवल उरलेले नाही. आषाढी एकादशीच्या रथाइतकीच तीही आमच्या गावाच्या ओळखीची झाली आहे. परंतु याच लोहमार्गाने एके काळी असंख्य गरीब स्त्रिया परक्यांची मुले मांडीवर घेऊन मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून विलायतेस गेल्या, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी असेल. महोत्सवाच्या प्रसंगी थोरामोठ्यांचे स्मरण सर्वच करितात. आम्ही येथे या आयांचे स्मरण करू इच्छितो.

1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि 1870 साली मुंबई व कलकत्ता ही शहरे जबलपूरवरून लोहमार्गाने जोडली गेली. तेव्हापासून उत्तरेकडील व बंगालमधील इंग्रज कुटुंबे भुसावळ-जळगावावरून मुंबईस येऊन आगबोट गाठू लागली. लांबच्या जलप्रवासात मुलांस सांभाळण्यास मडमा सोबत आया नेत. ‘आया’ हा शब्द मूळ पोर्तुगीज. दाई अथवा मुले सांभाळणारी स्त्री हा त्याचा अर्थ. बंगल्यात बबर्जी, हमाल, भिस्ती असे अनेक चाकर असत. पण बोटीवर सारा भार एकट्या आयेवर पडे. मुलांस न्हाऊमाखू घालणे, त्यांचे कपडे धुणे, बोट लागून आजारी पडलेल्या बाईसाहेबांची शुश्रूषा करणे, आणि स्वतःस बोट लागली तरी उभे राहणे, हे तिचे काम. काही स्त्रियांनी तर हाच धंदा केला. श्रीमती अँथनी पेरेरा नामक आयेने असा जलप्रवास 54 वेळा केल्याचे नमूद आहे. समुद्र ओलांडण्यास भल्याभल्यांची छाती होत नसे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

मात्र बोट विलायतेस लागली की आयेची गरज सरे. परतीचे भाडे देण्याचा करार आधीच झालेला असेल तर ठीक; नुसता तोंडी शब्द असेल, तर तो पाळणे न पाळणे सर्वस्वी धन्याच्या मर्जीवर. 1908 साली मुंबईहून गेलेल्या एका आयेस लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हातावर एक पौंड ठेवून सोडून देण्यात आले. ती खासगी चाकर होती, सबब तिची जबाबदारी आपली नव्हे, अशी सरकारी इंडिया ऑफिसची भूमिका होती. ज्या मुलांस तिने रात्र रात्र जागून निजविले, त्यांच्या घरी तिला थारा नव्हता. आणि ज्या राज्याची ती प्रजा, त्या राज्याच्या दप्तरी तिला जागा नव्हती.

अशा स्त्रियांकरिता लंडनमध्ये ‘आयाज् होम’ नावाचे आश्रयगृह होते. ते आधी ऑल्डगेट भागात होते. 1900 साली हॅकनी येथील किंग एडवर्ड्‌स रोडवर 26 क्रमांकाच्या घरात आले. लंडन सिटी मिशन ही प्रॉटेस्टंट संस्था ते चालवीत असे. वर्षास सुमारे शंभर आया तेथे उतरत. तेथील रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आयेचे परतीचे तिकीट गृहाच्या व्यवस्थापिकेच्या हवाली होई. हिंदुस्थानास निघालेल्या एखाद्या कुटुंबास आया हवी असली की ते तिकीट त्यास विकले जाई. आणि मिळालेल्या पैशांतून तोवरचा तिचा खर्च भागे. अशा रीतीने काम करीतच ती मायदेशी परते. परंतु जिच्यापाशी तिकीटच नसे, तिचे काय?

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा बोध त्या एका तिकिटात साठलेला आहे. सर्वच धनी निर्दय नव्हते. कित्येकांनी आयेस घरच्यासारखे मानले असेल. पण माया निराळी आणि हक्क निराळा. माया आटली की ‘घरचे माणूस’ रस्त्यावर येते; ठरलेले वेतन व लेखी करार मात्र धन्याची मर्जी फिरली तरी टिकतो. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात हेच बजावले की, योग्य मजुरी हा न्याय आहे, ते दान नव्हे. लुक्का नगरीत एकाच घरी जन्मभर मोलकरीण म्हणून राबलेल्या झिता या स्त्रीस ख्रिस्तसभेने 1696 साली संतपद दिले; तिचा सण 27 एप्रिलला येतो.

हॅकनीच्या त्या घरावर 2022 साली स्मरणाची निळी पाटी लागली. घरकामगारांसाठी 2011 साली जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या राज्याने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आजही आखातात व इतरत्र आपल्या देशाच्या लेकी परक्यांच्या घरी राबत आहेत. त्यांपैकी कोणी आपल्या ओळखीची असेल, तर निघण्यापूर्वी तिचा करार वाचून पाहावा आणि पारपत्र तिने स्वतःपाशीच ठेवावे, हे तिला सांगावे.

आणि वाचकहो, पारख परदेशी धन्यांचीच का करावी? आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईचा पगार ठरल्या दिवशी हाती पडतो काय? आठवड्यास एक सुटी तिला मिळते काय? दुखण्याच्या दिवसांचा पगार कापला तर जात नाही ना? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत द्यावीत. आयांचे स्मरण खरे झाले की नाही, ते तेथेच कळेल.